एक्स-रे आमचा, फाईल त्यांची

‘मेडिकल झाली का?’ दवाखान्यात, नर्सिंग होममध्ये किंवा ब्युरोमार्फत कुणाच्या घरी पेशंट सांभाळायला लागणाऱ्या बाईला पहिला प्रश्न हा येतो. पगार किती, सुट्टी कधी, रात्रपाळी सुटल्यावर घरी कसे जायचे, हे प्रश्न तिने विचारायच्या आधीच. मग तिच्या हातात एक चिठ्ठी देतात. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, वजन, उंची. मोठ्या ठिकाणी हातावर ट्यूबरक्युलिनची सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी गाठ किती आली ते मोजतात. खर्च बहुतेक वेळा तिचाच. पहिल्या पगारातून हप्त्याने वळता करून घेतला तर त्याला उपकार म्हणायचे. सगळे झाले की कागदावर शिक्का बसतो : फिट, किंवा अनफिट.

या शिक्क्याविषयी मला भांडायचे आहे. भांडण मालकांशी आहेच. पण थोडे आपल्यातल्याच काही मैत्रिणींशीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता आमच्या केंद्रात एक मावशी आल्या. मावशी हे कामावरचे नाव. दवाखान्यात आयाबाईला मावशी म्हणतात आणि वॉर्डबॉयला मामा. एकदा असे नाते लावले की पगाराचे बोलणे अवघड होते. चार वर्षे त्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये कंत्राटदारामार्फत कामाला होत्या. बेडपॅन देणे-धुणे, पेशंटची कूस बदलणे, चादरी काढणे, फरशी पुसणे, म्हाताऱ्या पेशंटला खोकल्याची उबळ आली की पाठीवर हात ठेवून तोंडापुढे ट्रे धरणे. कामाला लागताना त्यांनी स्वतःच्या पैशाने एक्स-रे काढला होता. छाती साफ होती म्हणूनच त्यांना घेतले.

चौथ्या वर्षी खोकला लागला. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. का सांगितला नाही, ते दवाखान्यात काम करणारी कुठलीही बाई तुम्हाला सांगेल. खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि टीबीचा संशय आला की कामच जाते. दीड महिना त्या औषधाच्या दुकानातली बाटली पीत कामावर गेल्या. शेवटी ड्यूटीवरच चक्कर येऊन पडल्या. महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन : ‘मावशी, आता येऊ नका. पेशंटला धोका आहे.’

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पेशंटला धोका होताच, पण तो गेला दीड महिना होता, आणि त्या दीड महिन्यात मावशींना तोंड उघडायची भीती वाटावी अशी व्यवस्था याच माणसांनी केली होती.

औषधे सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळाली. सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी पुरा केला. निक्षय पोषण योजनेचे पैसे रखडत का होईना खात्यावर आले (आधी ही रक्कम महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली). पगार शून्य. घरात ताट-वाटी वेगळी झाली. टीबी ताट-वाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो, हे मी घरी जाऊन तीनदा सांगितले. तिन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ताट वेगळेच राहिले. मुलीच्या लग्नाची बोलणी थांबली ती थांबलीच.

आम्ही नर्सिंग होमच्या मालकांना भेटलो. बाईंना हा रोग कामावर लागला आहे, औषधांच्या काळातला पगार तरी द्या, एवढीच मागणी होती. एका दमात दोन उत्तरे मिळाली. पहिले, ‘आधीपासूनच असेल.’ दुसरे, ‘त्यांच्या वस्तीत घरोघर टीबी आहे, तिकडूनच लागला असणार.’ दुसऱ्याकडे नंतर येते. पहिल्याला आमच्याकडे चोख उत्तर होते : चार वर्षांपूर्वीची, साफ छातीची प्लेट. ती होती कंत्राटदाराच्या फाईलमध्ये. कंत्राटदार म्हणाला, ऑफिस बदलले तेव्हा जुने कागद रद्दीत गेले. एक्स-रे सेंटरवाल्याने एवढ्या जुन्या नोंदी ठेवत नाही म्हणून हात वर केले. मावशींकडे पावतीसुद्धा नव्हती. प्लेट आपल्याकडे ठेवायची असते हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही.

त्याच वर्षी एक सिस्टर आली. सत्तावीस वर्षांची, जीएनएम झालेली. शिकत असताना, वॉर्डात पोस्टिंग चालू असताना तिला टीबी झाला होता. तिने एक दिवस न चुकवता औषधे घेतली, बरी झाली, परीक्षा दिली, पाच वर्षे नोकरी केली. मग एका मोठ्या हॉस्पिटलात तिची निवड झाली आणि मेडिकलच्या एक्स-रेत फुप्फुसावरचा जुना व्रण दिसला. अनफिट. थुंकी तपासली नाही. उपचार पूर्ण झाल्याचे कार्ड तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवले, ते कुणी उचललेसुद्धा नाही. रिपोर्टची प्रत मागितली तर ‘तो हॉस्पिटलचा कागद आहे’ असे सांगितले. तिने आखाती देशांत नर्सेस पाठवणाऱ्या एजंटाकडे चौकशी केली. तिथल्या वैद्यकीय तपासणीत बऱ्या झालेल्या टीबीचा डागही उमेदवाराला बाद करतो, हे त्यानेच सांगितले. आज ती एका लहान नर्सिंग होममध्ये आहे. तिथे एक्स-रे मागत नाहीत. पगारही तसाच आहे.

या दोघींच्या गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीची प्लेट तिच्या बाजूने साक्ष देणार होती, ती रद्दीत गेली. दुसरीची प्लेट तिच्या विरुद्ध होती, ती मात्र कुठे हरवली नाही.

आता या तपासण्या नेमके काय सांगतात ते पाहू, कारण डॉक्टरी शब्द आले की आपण बायका गप्प बसतो आणि तिथेच फसतो. एक्स-रे सावली दाखवतो. ती सावली जिवंत रोगाची की भरलेल्या जखमेची, हे ठरवायला पेशंटची लक्षणे बघावी लागतात, थुंकी तपासावी लागते. आज सरकारी केंद्रांत जनुकीय तंत्राने थुंकीची तपासणी होते, काही तासांत जंतू आहेत की नाहीत ते कळते, आणि ती फुकट असते. सिस्टरच्या बाबतीत ही एक तपासणी केली असती तर प्रश्न मिटला असता. ती न करता ‘अनफिट’ लिहिणे याला वैद्यक म्हणत नाहीत.

हातावरची सुई तर त्याहून कमी सांगते. शरीरात कधीतरी टीबीचे जंतू शिरले होते एवढेच तिच्यावरून कळते, आणि लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळेही ती फुगू शकते. देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय क्षयरोग पाहणी झाली. पंधरा वर्षांवरच्या लोकांत सुमारे ३१ टक्क्यांमध्ये हा संसर्ग आढळला, म्हणजे जवळजवळ दर तिघांत एक. यांतल्या बहुतेकांना जन्मात कधी टीबी होत नाही, आणि रोग होत नाही तोवर ते दुसऱ्या कुणाला तो देतही नाहीत. सुईवरच नोकरी ठरवायची असेल तर आधी हॉस्पिटलच्या संचालकांच्या हातावर टोचून पाहावी, खुर्च्या किती रिकाम्या होतात ते कळेल.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी करून केलेला एक अभ्यास २००५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या कर्मचाऱ्यांत संसर्ग होता. आणि वय व सेवेची वर्षे जितकी जास्त, तितके संसर्गाचे प्रमाणही जास्त. दक्षिण भारतातल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०११ साली आला. त्यात वर्षाला शंभरातल्या सात-आठ जणांना नव्याने संसर्ग होत होता, देशातल्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. जंतू कोणत्या दिशेने जातो ते यावरून दिसते. बाई तो घेऊन दवाखान्यात येते त्यापेक्षा दवाखान्यातून घेऊन घरी जाते, असे घडण्याची शक्यता मोठी आहे. तपासणी मात्र एकाच दिशेची : येताना. आत गेल्यावर पाच वर्षे, दहा वर्षे तिच्या छातीत काय चालले आहे हे पाहायला कुणाला सवड नाही.

आणि आत काय चालते? टीबी म्हणून ओळखलेला, औषध सुरू झालेला पेशंट हा सगळ्यांत मोठा धोका नसतो. धोका असतो तो न ओळखलेल्या पेशंटचा, जो ताप-खोकला म्हणून ओपीडीच्या रांगेत किंवा जनरल वॉर्डात बसलेला असतो. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाबाबत केंद्र सरकारने २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. खोकणाऱ्या माणसाला रांगेतून आधी बाजूला काढा, त्याला मास्क द्या, हवा खेळती ठेवा, जिथे धोका जास्त तिथे कर्मचाऱ्यांना एन-९५ मास्क द्या. आता तुमच्या आसपासच्या नर्सिंग होममध्ये जाऊन पाहा. एसी लावला म्हणून खिडक्या बंद. डॉक्टरांना एन-९५, सिस्टरला मागितला तर, मावशीला पातळ निळा मास्क. तो पातळ मास्क घालणाऱ्याचे शिंतोडे अडवतो, समोरून येणारी हवा नीट गाळत नाही. म्हणजे मावशीला दिलेले साधनही मावशीपासून इतरांना वाचवण्यासाठीच. २०२० साली कोविडच्या वेळी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. त्या काळात आलेले मास्कचे खोके संपले, आणि पुढचे खोके कुणी मागवले नाहीत.

मीसुद्धा समाजकार्याचे शिक्षण घेताना एका रुग्णालयाच्या छातीविभागात फील्डवर्कला होते. आठवड्यातून दोन दिवस, दोन सत्रे. पेशंटशी बोलताना अंतर ठेवू नका, त्यांना परके वाटेल, असे आम्हाला शिकवले होते. मास्क घाला असे कुणी म्हटल्याचे आठवत नाही. आमची तपासणी ना आधी झाली, ना नंतर.

तपासणी कुणाची होत नाही, ही यादीही पाहण्यासारखी आहे. आशाताई घरोघर जाऊन खोकला असलेली माणसे शोधते, थुंकीच्या डब्या देते, पेशंटला औषधे देते. ती सरकारी भाषेत ‘स्वयंसेविका’, म्हणून कर्मचारी नाही, म्हणून तिच्या छातीची चिंता कुणाच्या खात्यात येत नाही. ब्युरोकडून चोवीस तासांच्या ड्यूटीला जाणारी बाई पेशंटच्या खोलीतच जमिनीवर झोपते. लागताना तिचा एक्स-रे घेतात, पण पेशंटला काय झाले आहे हे तिला सांगत नाहीत. सफाईच्या कामाला कुठल्या जातींच्या बायका असतात हे आपल्या वाचक मैत्रिणींना मी सांगायला नको. हे काम कंत्राटावर गेल्यापासून त्यांच्या नावांची जबाबदारी कुठल्याच मस्टरवर धड उरलेली नाही.

या मेडिकलच्या आडोशाने आणखी एक तपासणी होते. एक्स-रेच्या आधी बाईला विचारतात, शेवटची पाळी कधी आली? दिवस गेलेत का? विचारणे योग्यच आहे, गरोदर बाईचा एक्स-रे काढताना काळजी घ्यावी लागते, पोटावर आवरण ठेवावे लागते, किंवा थुंकी तपासून काम भागवता येते. पण ही माहिती एक्स-रे काढणाऱ्यापुरती असायला हवी. ती फॉर्मवर उतरते आणि फॉर्म जातो नेमणूक करणाऱ्याच्या टेबलावर. लघवीच्या तपासणीत गरोदरपणाची तपासणी न विचारता उरकलेल्या मुली माझ्या ओळखीच्या आहेत. त्यातली एक अविवाहित होती, आणि तिला हे कळले ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या इतर उमेदवारांसमोर. कारण शोधायला फार लांब जायला नको. बारा महिन्यांत ८० दिवस काम भरले की प्रसूतीच्या पगारी रजेचा हक्क लागू होतो. तो द्यावा लागू नये म्हणून दारातच पोट बघून घ्यायचे.

हे नवे नाही. आयुर्विमा महामंडळाने एका महिला सहायिकेला नोकरीवरून काढले होते, कारण फॉर्ममध्ये तिने गरोदरपण लपवले म्हणे. त्या फॉर्ममध्ये पाळी नियमित येते का, दुखते का, गर्भ किती वेळा राहिला, असे रकाने होते. नीरा माथुर खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला कामावर परत घ्यायला लावले आणि हे रकाने काढून टाकायला सांगितले. तीस वर्षांनी, २०२१च्या अखेरीस, स्टेट बँकेने परिपत्रक काढले की तीन महिन्यांहून जास्त दिवस गेलेली उमेदवार ‘तात्पुरती अनफिट’. देशभर ओरड झाली तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ते मागे घेतले. आणि फेब्रुवारी २०२०ची सुरतची बातमी तुम्ही विसरला नसाल. महापालिकेच्या शिकाऊ महिला लिपिकांना फिटनेससाठी महापालिकेच्याच रुग्णालयात नेले, आणि त्यांना एकत्र विवस्त्र उभे करून तपासल्याची, अविवाहित मुलींनाही गरोदरपणाचे प्रश्न विचारल्याची तक्रार कर्मचारी संघटनेने केली. आयुक्तांना चौकशी नेमावी लागली. बातम्यांनुसार तपासणाऱ्या डॉक्टर बायकाच होत्या. पांढरा कोट चढला की बाईचीही नजर बदलते, हे आपण कबूल केले पाहिजे.

इथे माझे आपल्या मैत्रिणींशी भांडण सुरू होते. आमच्या जिल्हा बैठकीत हा विषय निघाला तेव्हा बहुतेकींचे म्हणणे होते की नोकरीआधीची कुठलीही शारीरिक तपासणी हा बाईच्या शरीरावरचा हल्ला आहे, ती सरसकट बंद करा अशी मागणी करू. नीरा माथुरचा दाखला देऊन एकजण म्हणाली, ‘शरीर माझे आहे, मालकाला बघायचा अधिकारच नाही.’ टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही.

पाळीचे, गरोदरपणाचे रकाने काढून टाकायलाच हवेत, त्यात चर्चेला जागा नाही. कपडे उतरवून, पडद्याविना, बाई सोबतीला नसताना होणारी तपासणी बंद व्हायलाच हवी. पण टीबीची तपासणी त्यांच्या पंगतीत बसवू नका. गरोदरपण हा रोग नाही आणि तो कामावरून लागत नाही. टीबी रोग आहे आणि या कामात तो लागतो. तपासणी बंद केली तर मालकाचे काही बिघडत नाही, उलट त्याचा खर्चही वाचतो आणि पुरावाही नाहीसा होतो. मावशींच्या हातात ती एक प्लेट असती तर ‘आधीपासूनच असेल’ हे वाक्य त्या दिवशी तोंडातल्या तोंडात राहिले असते.

अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्याची कामावर लागताना टीबीची तपासणी करतात. ती पायाभूत नोंद असते. पुढे कामावर संसर्गाचा संबंध आला तर तिच्याशी ताडून पाहायची. टीबी तिकडे इतका कमी आहे की कारण नसताना दरवर्षी तपासू नका, असे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१९ साली सांगितले. आपल्याकडे टीबी भरपूर, म्हणून आपली गरज वेगळी, आपल्याकडे सेवेत असताना पुन्हा पुन्हा विचारपूस आणि तपासणी हवी. पण आपल्या मोठ्या हॉस्पिटलांनी तिकडून फक्त सुई आणि फॉर्म घेतला. नोंद कशासाठी असते, तो भाग विमानातच राहिला.

कायदा काय म्हणतो ते प्रत्येकीने पाठ करावे असे आहे. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. तिच्यातली पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची, आणि त्यासाठी सांगितलेल्या कामांत आरोग्याचे व प्रयोगशाळेचे काम येते. हा कायदा पुढे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, ती अनुसूची तिथेही आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१०च्या यादीत तर क्षयाचे नावच घातले आहे. अशा कामावरच्या माणसाला असा रोग झाला तर तो कामामुळेच झाला असे धरून चालायचे, उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. कामगार कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालक सुटत नाही.

म्हणजे ‘वस्तीतून लागला’ हे मालकाने सिद्ध करायचे असते. नुसते म्हणून भागत नाही. वस्तीत टीबी आहे, हे मला कुणी शिकवायला नको. गोवंडीतल्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास झाला आहे, एकमेकींना चिकटलेल्या इमारती, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि तिथेच टीबी जास्त. पण गरीब बाई गरीब वस्तीत राहते म्हणून तिचा कामावरचा रोग कामावरचा उरत नाही, हा कुठला न्याय? दिवसाचे बारा तास ती खोकणाऱ्या माणसांमध्ये असते. वस्तीत ती झोपायला येते.

ईएसआयमध्येही टीबीसाठी दीर्घ आजाराचा लाभ आहे, पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. पण त्यासाठी आधीची सलग दोन वर्षे विमापात्र नोकरी दाखवावी लागते. कंत्राटदार नावे फिरवतो आणि सलगपणा मोडतो तो उगाच नाही. मावशींच्या पगारातून चार वर्षे काहीतरी कापले जात होते. कुठे भरले जात होते ते शेवटपर्यंत कळले नाही.

पेशंटच्या सुरक्षेचे काय, असा प्रश्न डॉक्टर मंडळी हमखास विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. नवजात बाळांच्या खोलीत, कॅन्सरच्या वॉर्डात उपचार न घेतलेला टीबी असलेली बाई काम करत असेल तर ते भयंकर आहे. पण तिला तिथून लवकर बाहेर काढायचा मार्ग कोणता? खोकला झाल्याचे तिने पहिल्या आठवड्यात येऊन सांगावे, हाच. आणि ती कधी सांगेल? सांगितल्यावर नोकरी राहणार आहे आणि रजेचा पगार मिळणार आहे, असे तिला ठाऊक असेल तेव्हा. योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारणपणे काही आठवड्यांत रोगी इतरांना संसर्ग देईनासा होतो. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हणेपर्यंत पगारी रजा, मग परत काम. याला हॉस्पिटलच्या एका दिवसाच्या कमाईचा कितवा हिस्सा लागेल?

एचआयव्हीच्या बाबतीत आपण ही लढाई लढलो आहोत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले की माणूस आपले नेमके काम करू शकतो का आणि कामावर इतरांना खरोखर मोठा धोका आहे का, हे पाहिल्याशिवाय केवळ संसर्ग आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. २०१७च्या कायद्याने तर नोकरीची अट म्हणून एचआयव्हीची तपासणी करायलाच मनाई केली. टीबी हा औषधाने पूर्ण बरा होणारा रोग, पण टीबीच्या पेशंटसाठी असा कायदा नाही. बऱ्या झालेल्या सिस्टरला ‘जुना व्रण’ म्हणून घरी पाठवणारा माणूस कुणालाच जाब देत नाही.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. ‘तपासणी बंद करा’ ही मागणी मागे घेऊ आणि ‘तपासणी आमच्या हातात द्या’ अशी करू. खर्च मालकाचा. प्लेट आणि रिपोर्ट बाईच्या हातात, मालकाकडे जाईल तो फक्त काम करू शकते की नाही एवढाच शेरा. एक्स-रेवर संशय आला तर थुंकी तपासल्याशिवाय कुणालाही अनफिट लिहायचे नाही. पाळी-गरोदरपणाचा रकाना फॉर्ममध्ये नको. कंत्राटी मावशी, ब्युरोची बाई, आशाताई, नर्सिंगची विद्यार्थिनी यांची सेवेत असतानाही ठरावीक काळाने विचारपूस आणि तपासणी. रोग निघाला तर पगारी रजा आणि तीच नोकरी. आणि खिडक्या उघडा. ही शेवटची मागणी ऐकून एक डॉक्टर हसले होते. एसीचे बिल वाचेल, असे मी त्यांना सांगितले.

मालक हे उद्या मान्य करणार नाहीत. तोवर आम्ही केंद्रात एक साधे काम सुरू केले आहे. दवाखान्यात कामाला लागणारी प्रत्येक बाई प्लेट जमा करण्याआधी खिडकीसमोर धरून तिचा मोबाईलवर फोटो काढते, रिपोर्टचा आणि पावतीचा वेगळा. तारीख आणि नाव दिसले पाहिजे. एक प्रत तिच्याकडे, एक केंद्रात. उपचार पूर्ण झाल्याच्या कार्डाचेही तसेच. मूळ रिपोर्टची प्रत लेखी अर्ज करून मागायची, आणि नाही म्हणाले तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पहिल्या महिन्यात अकरा जणींचे कागद आले. त्यातल्या एकीची प्लेट उलटी धरली होती, तिला परत पाठवले.

मावशी आता बऱ्या आहेत. दुसऱ्या एका ठिकाणी कामाला लागल्या आहेत, बाळंतिणींना मालिश करायला, घरोघर. दवाखान्यात परत जायचे नाही म्हणतात. नर्सिंग होमविरुद्ध भरपाईचा अर्ज करायचा का, यावर त्यांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. मला वाटते करावा, प्लेट नसली तरी कायद्याचे गृहीत त्यांच्या बाजूचे आहे. त्या म्हणतात, ‘ताई, मुलीचे लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. तोवर माझे नाव कुठल्या कागदावर नको.’

जिल्हा बैठकीतल्या मैत्रिणींनी माझ्या प्रस्तावावर पुढच्या अंकात जरूर लिहावे. विशेषतः ज्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या त्यांनी.